गृहचित्रपटाचे ध्वनिक्षेपक आणि द्विमार्गी संगीतश्रवण

१. प्रश्नाचे स्वरूप

चित्रपट घरी पाहण्यासाठी रचलेली ध्वनिक्षेपकांची मांडणी, म्हणजेच व्यवहारात जिला 'होम थिएटर' म्हणतात ती, गंभीरपणे संगीत ऐकण्यास कितपत योग्य आहे हा प्रश्न वरवर पाहता आवडीनिवडीचा आणि खरेदी-विक्रीचा वाटतो. वस्तुतः ध्वनिशास्त्र, श्रवणाचे मानसशास्त्र आणि संगीत या तिन्ही विषयांचे धागे त्यात गुंतलेले आहेत. या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. विक्रेत्याचे उत्तर असे की, ज्या संचातून चित्रपटातील स्फोट, पाऊस आणि संवाद उत्तम ऐकू येतात त्यातून गाणेही उत्तमच ऐकू येणार. रसिकाचे उत्तर असे की, चित्रपटाचे क्षेपक वेगळे आणि संगीताचे वेगळे. एकाचे काम दुसऱ्याला जमणे शक्य नाही. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, आणि ती का अपुरी आहेत हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्नाला व्यावहारिक महत्त्वही आहे. घरात किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या संगीतविभागात सहसा खोली एक असते, आणि संचही एकच परवडतो. त्याच संचावर विद्यार्थी जुन्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकतो. जे गायक आज हयात नाहीत त्यांच्या गायकीचा अभ्यास करण्याचे ध्वनिमुद्रण हे बहुधा एकमेव साधन उरते. साधनाने खर्जाचा भाग गाळला, आवाजाची जात पालटली किंवा तंबोऱ्याला फुगविले, तर विद्यार्थी मूळ गायकाचा नव्हे, तर आपल्या पेटीचा आवाज अभ्यासतो. म्हणून साधनाची पारख करणे हा केवळ हौसेचा भाग ठरत नाही.

प्रारंभीच दोन संज्ञा निश्चित केल्या पाहिजेत. 'होम थिएटर' या शब्दाने येथे पाच क्षेपक आणि एक सबवूफर असा, '५.१' या नावाने परिचित असलेला संच अभिप्रेत आहे : समोर डावा, उजवा आणि मधला, बाजूंना किंवा पाठीमागे दोन, आणि केवळ खर्जासाठी एक स्वतंत्र पेटी. 'गंभीर श्रवण' म्हणजे एका जागी बसून, स्वर, नादाची जात आणि ध्वनीचे स्थान यांकडे लक्ष देऊन, दोन मार्गांवर मुद्रित झालेले संगीत ऐकणे.

२. द्विमार्गी ध्वनीचा उगम

दोन कानांसाठी दोन मार्ग ही कल्पना जुनी आहे. १८८१ साली पॅरिस येथील विद्युत्-प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने नाट्यगृहातील संगीत दूरध्वनीच्या तारांवरून प्रेक्षकांच्या दोन्ही कानांपर्यंत पोचविले होते. ध्वनीची दिशा मनुष्याला कशी कळते याची पद्धतशीर मीमांसा लॉर्ड रॅले याने १९०७ साली केली. नीच कंप्रतांच्या बाबतीत ध्वनी एका कानापेक्षा दुसऱ्या कानाला किंचित उशिरा पोचतो, आणि उच्च कंप्रतांच्या बाबतीत मस्तकाची सावली पडून दूरच्या कानाला तो क्षीण ऐकू येतो. या दोन खुणांवरून दिशेचा बोध होतो, असे हे विवेचन आहे. ध्वनी ऐन बाजूने आला तरी दोन कानांमधील कालांतर सुमारे ०.६५ मिलिसेकंदाहून अधिक नसते. इतक्या सूक्ष्म अंतरावर दिशाबोधाची सारी इमारत उभी आहे.

आजच्या द्विमार्गी पद्धतीचा पाया ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने घातला. त्याने आपल्या एकस्वाचा अर्ज डिसेंबर १९३१ मध्ये सादर केला. विशेष हे की, त्याच्यापुढील एक मुख्य उपयोग चित्रपटाचा होता. पडद्यावरील पात्र एका बाजूला आणि त्याचा आवाज दुसरीकडे, ही बोलपटांतील विसंगती त्याला दूर करावयाची होती. म्हणजे ज्या पद्धतीला आज शुद्ध संगीताची पद्धत मानले जाते ती जन्मतःच चित्रपटाशी निगडित होती.

त्याच सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने याहून निराळा मार्ग चोखाळला. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फिया येथील वृंदवादन तारांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकविण्यात आले. वादकांपुढे अलेक्झांडर स्मॉलेन्स उभा होता, आणि लिओपोल्ड स्टोकोव्स्की वॉशिंग्टनमध्ये ध्वनीचे नियंत्रण करीत होता. या प्रयोगात मार्ग तीन होते : डावा, मधला आणि उजवा. पुढे १९५७-५८ च्या सुमारास एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन मार्ग कोरलेल्या तबकड्या बाजारात आल्या. एका खाचेत तिसरा मार्ग सुलभतेने बसत नव्हता, म्हणून घरोघरी दोनच मार्ग रूढ झाले. दोन ही संख्या श्रवणशास्त्राने ठरविलेली नाही, तबकडीच्या खाचेने ठरविली, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानात ठेवली पाहिजे.

३. दोन क्षेपकांमधील आभास

दोन क्षेपक आणि श्रोता हे समभुज त्रिकोणाच्या तीन कोनबिंदूंवर असले, म्हणजे प्रत्येक क्षेपक श्रोत्याच्या मध्यरेषेपासून ३० अंशांवर असला, तर दोन्हींतून सारखाच निघणारा आवाज मध्यभागी कोणी गात असल्यासारखा भासतो. तेथे प्रत्यक्षात काहीही नसते. असतो तो मनाने रचलेला आभास. हा आभास टिकण्यासाठी तीन अटी पाळाव्या लागतात. दोन्ही क्षेपक हुबेहूब सारखे हवेत. खोलीतील त्यांची परिस्थिती शक्य तितकी सारखी हवी. श्रोता मध्यरेषेवर हवा. श्रोता एका बाजूस सरकून एक क्षेपक दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटिमीटर जवळ आला, की त्याचा ध्वनी सुमारे एक मिलिसेकंद आधी पोचतो, आणि सारा आवाज त्या जवळच्या क्षेपकातूनच येत असल्यासारखा वाटू लागतो. प्रथम पोचणाऱ्या ध्वनीच्या या वर्चस्वाचे विवेचन १९४९ साली वॅलाक, न्यूमन व रोझेन्झ्वाइग यांनी केले. त्याच काळात हेल्मुट हास याचे संशोधनही प्रसिद्ध झाले.

या आभासात एक अंगभूत दोषही आहे. मध्यभागीच्या गायकाचा आवाज प्रत्येक कानाला दोनदा पोचतो : एकदा जवळच्या क्षेपकातून, आणि सुमारे ०.२६ मिलिसेकंदानंतर दूरच्या क्षेपकातून. एवढ्या अंतराने येणाऱ्या दोन तरंगांचा २,००० हर्ट्झच्या जवळपास परस्परांशी विरोध होतो, आणि तेथे आवाजात एक खळगा पडतो. व्यंजनांची स्पष्टता ज्या टापूवर पुष्कळशी अवलंबून असते तोच हा टापू होय. प्रत्यक्ष मधला क्षेपक असता तर हा दोष उद्भवला नसता. सारांश, द्विमार्गी पद्धती म्हणजे पूर्णत्वाचे माप नव्हे. ती एक यशस्वी तडजोड आहे. मात्र गेली सहा दशके व त्याहून अधिक काळ संगीताचे मुद्रण याच तडजोडीसाठी झाले असल्याने, तिच्या अटींनीच ते ऐकणे न्याय्य ठरते.

४. चित्रपटाच्या गरजा

चित्रपटगृहात शेकडो माणसे बसतात, आणि त्यांतील मध्यरेषेवर बसणारी थोडी. त्यांना पात्राचा आवाज पडद्यावरूनच यावयास हवा असेल तर मधला क्षेपक अपरिहार्य ठरतो. १९४० सालच्या 'फँटेशिया' या चित्रपटासाठी बहुमार्गी ध्वनीचा प्रयोग झाला होता. त्यातही स्टोकोव्स्की होता. सत्तरीच्या दशकात डॉल्बी पद्धतीमुळे असे मार्ग चित्रपटगृहांत सर्वत्र पसरले. १९८२ नंतर ते घरात शिरले, १९८७ मध्ये घरगुती संचाला मधला मार्ग मिळाला, आणि १९९२ पासून चित्रपटगृहांत अंकीय पद्धतीने सहा मार्ग वेगवेगळे साठविले जाऊ लागले. याच सहा मार्गांची मांडणी ५.१ या नावाने घरी आली.

या पद्धतीचे तीन विशेष संगीताच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार ५.१ मांडणीतील डावा व उजवा क्षेपक ३० अंशांवरच असतात, आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांवर. म्हणजे विधिवत् मांडलेल्या होम थिएटरच्या पोटात द्विमार्गी संगीताचा त्रिकोण जसाच्या तसा वसलेला आहे. दुसरा, 'बिंदू एक' हा मार्ग १२० हर्ट्झच्या खालील खास परिणामांसाठी राखलेला आहे. द्विमार्गी मुद्रणात असा मार्गच नसतो; तेथे सबवूफरने केवळ डाव्या-उजव्या मार्गांतील खर्ज वाहावयाचा असतो. तिसरा विशेष पातळीचा. चित्रपटगृहाच्या मानकानुसार प्रत्येक मुख्य मार्गाला १०५ डेसिबेलपर्यंतची, आणि खास खर्जमार्गाला ११५ डेसिबेलपर्यंतची शिखरे पेलावी लागतात.

या तिसऱ्या विशेषाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. एक वॅट शक्तीला एक मीटरवर ८५ डेसिबेल देणारा सामान्य क्षेपक घेतला, तर मोकळ्या जागेत तीन मीटरवर तो सुमारे ७५ डेसिबेल देतो. या पातळीवर गाणे ऐकावयाचे असेल तर सरासरीने एक वॅट पुरतो. त्याच जागी १०५ डेसिबेलचे शिखर गाठावयाचे, तर ३० डेसिबेल अधिक, म्हणजे हजारपट शक्ती लागते. खोलीच्या भिंती काही मदत करतात, तरी तफावत प्रचंडच राहते. यावरून निघणारा निष्कर्ष रूढ समजुतीच्या उलट आहे : जो क्षेपक चित्रपटाची मागणी खरोखर, आवाज न फाटता, पुरी करतो त्याला ख्यालाची मैफल जड जाण्याचे शक्तीच्या बाजूने काहीच कारण नाही. 'होम थिएटर' हे नाव दोषी नाही. दोष असेल तर तो त्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पेट्यांच्या आकारात शोधावा लागतो.

५. पेटीचा आकार आणि षड्जाचे विभाजन

लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज, या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. कोणत्याही दोन मागाव्यात आणि तिसरी सोडावी. हॉफमन याच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम पेटीतील हवेच्या ताठरपणातून निघतो. एडगर व्हिलचर याने १९५४ च्या सुमारास बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल खर्ज काढला, पण किंमत मोजली ती कार्यक्षमतेत. पुढे थील याने १९६१ साली, आणि स्मॉल याने १९७२-७३ मध्ये, या तिन्ही राशींचे गणित नेमकेपणाने मांडले.

याला शंकूच्या हालचालीचा हिशोब जोडला पाहिजे. आवाजाची पातळी तीच ठेवून कंप्रता निम्मी केली, तर शंकूला चौपट पुढे-मागे हलावे लागते. शिवाय ८ सेंटिमीटर व्यासाच्या शंकूचे क्षेत्रफळ १६ सेंटिमीटर व्यासाच्या शंकूच्या एक चतुर्थांश असल्याने, तेवढीच हवा ढकलण्यास त्याला आणखी चौपट हलावे लागते. मुठीएवढ्या पेटीतील शंकूला हे झेपत नाही. म्हणून लहान संचांचे निर्माते एका ठराविक कंप्रतेखालचा सारा ध्वनी सबवूफरकडे वळवितात. या विभाजनाच्या कंप्रतेला क्रॉसओव्हर म्हणतात. मोठ्या क्षेपकांच्या संचात ती ८० हर्ट्झ ठेवण्याचा प्रघात आहे. अगदी लहान क्षेपकांच्या संचात मात्र ती १५० ते २०० हर्ट्झपर्यंत वर न्यावी लागते.

या दोन आकड्यांमधील फरक हिंदुस्थानी गायनाच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. पुरुष गायक काळी एक या पट्टीत गात आहे असे धरले, तर त्याचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर, मंद्र पंचम सुमारे १०४ हर्ट्झवर, आणि मंद्र षड्ज व तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर येते. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर असेल तर गायकाचा जवळजवळ सारा आवाज समोरच्या दोन क्षेपकांतच राहतो. मंद्र षड्जाचा मूलस्वर तेवढा सबवूफरकडे जातो. क्रॉसओव्हर १८० हर्ट्झवर असेल तर खुद्द मध्य षड्जाचाच मूलस्वर कोपऱ्यातील पेटीतून, आणि त्याचे उपस्वर समोरच्या क्षेपकांतून येतात. गायक मध्य षड्जावरून मध्य पंचमाकडे, म्हणजे सुमारे २०८ हर्ट्झवर गेला, की त्याच्या आवाजाचा पाया एका पेटीतून उठून दुसऱ्या पेटीत जातो. ८० हर्ट्झच्या खाली ध्वनीची दिशा कानाला सहसा ओळखता येत नाही. १५० हर्ट्झच्या पुढे ती चांगलीच ओळखता येते. त्यामुळे गायक एकसंध न राहता त्याचे दोन तुकडे झाल्याचा भास होतो. स्त्रीगायिकेच्या बाबतीत नुकसान कमी असते. काळी पाच या पट्टीत मध्य षड्ज सुमारे २३३ हर्ट्झवर, आणि मंद्र पंचम सुमारे १७५ हर्ट्झवर असल्याने, तिचा बराचसा आवाज विभाजनरेषेच्या वरच राहतो.

तबल्याच्या डग्ग्याला या विभाजनाचा त्रास अधिक होतो. त्याचा घुमारा सामान्यतः १०० हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली असतो, आणि मनगटाच्या दाबाने वादक त्याला वर चढवीत नेतो. ही मींड नेमकी विभाजनाच्या टापूतून जात असेल, आणि तेथे दोन पेट्यांची जुळणी सदोष असेल, तर मींडेचा मधला भाग दबतो किंवा एकाएकी फुगतो. काही स्वस्त संचांत तर लहान क्षेपक जेथे थकतात तेथपर्यंत सबवूफर पोचतच नाही, आणि मध्ये सरळ पोकळी राहते. स्फोटाचा आवाज ऐकताना ही पोकळी जाणवत नाही, कारण स्फोटाला निश्चित स्वर नसतो, आणि तो मुळात कसा होता हे कोणास ठाऊक नसते. डग्गा कसा बोलतो हे मात्र श्रोत्याला ठाऊक असते.

लहान क्षेपकांतूनही गाणे सुरात कसे ऐकू येते, अशी शंका येथे येणे साहजिक आहे. मूलस्वर अजिबात नसला तरी उपस्वरांच्या परस्परांतरावरून कान मूळ स्वराची उंची ओळखतो, हे त्याचे उत्तर होय. तंबोऱ्याच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा व वीणा यांच्या घोडीचा अभ्यास करून, तिच्या विशिष्ट आकारामुळे उपस्वरांची समृद्धी कशी निर्माण होते हे दाखविले. जवारीचे रहस्य तेच. तसेच तबल्याच्या शाईमुळे चामड्याचे एरवी विसंवादी असणारे उपस्वर सुसंवादी होतात, हेही त्यांनी १९२० मध्ये व पुढे १९३४ मध्ये सिद्ध केले. म्हणून लहान पेटीतून खर्ज गेला तरी सूर जात नाही. जाते ते नादाचे वजन आणि आवाजाचा भरणा. सूर शाबूत असल्यामुळेच ही उणीव सहसा लक्षात येत नाही, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने धोका असलाच तर तो येथे आहे.

६. 'संगीताचा क्षेपक' अशी जात आहे काय?

क्षेपकांच्या गुणवत्तेवर मोजमाप आणि श्रवणपरीक्षा यांची सांगड घालून झालेले काम पुष्कळ आहे. फ्लॉइड टूल याने कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत केलेल्या परीक्षांचे निष्कर्ष १९८५-८६ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षेपक पडद्याआड ठेवले, पातळ्या सारख्या केल्या, आणि श्रोत्यांना नावे कळू दिली नाहीत, की त्यांच्या निवडीत आश्चर्यकारक एकवाक्यता आढळते. समोरच्या दिशेने सर्व कंप्रतांना सारखा न्याय देणारे, आणि बाजूंनाही तसाच, हळूहळू उतरत जाणारा ध्वनी टाकणारे क्षेपक पसंत पडतात. २००४ साली शॉन ऑलिव्ह याने ७० क्षेपकांच्या परीक्षांवरून, केवळ मोजमापांच्या आधारे पसंतीचे भाकीत करणारे सूत्र मांडले. त्यात भाकीत व प्रत्यक्ष पसंती यांचा सहसंबंध ०.८६ इतका आढळला, आणि पसंतीचा सुमारे ३० टक्के भाग खर्जाच्या गुणवत्तेने व व्याप्तीने ठरतो असे दिसून आले.

याचा प्रस्तुत प्रश्नाशी थेट संबंध आहे. चांगल्या क्षेपकाची जी लक्षणे या परीक्षांतून निघाली त्यांत चित्रपट व संगीत असा भेद कोठेही करावा लागत नाही. क्षेपकाला आपण काय वाजवीत आहोत हे ठाऊक नसते. विद्युत्-संकेताचे निष्ठेने हवेतील कंपनात रूपांतर करणे हे त्याचे एकमेव काम होय, आणि त्यात तो उतरला तर संवाद व आलाप दोन्ही बरोबर येतात. उलट, दोन गुण मिळून १९९४ मध्ये टूल व ऑलिव्ह यांनी दाखविलेली बाब म्हणजे क्षेपक डोळ्यांना दिसू लागताच पसंती बदलते. 'हा संगीतासाठी बनविलेला' ही पाटी वाचल्यावर तो अधिक संगीतमय वाटतो. यात कानापेक्षा पाटीचा वाटा अधिक असू शकतो.

तथापि काही रचना चित्रपटाच्या सोयीसाठीच केलेल्या असतात, आणि त्यांचे परिणाम संगीतावर होतात. दूरचित्रवाणीच्या पडद्याखाली मावावा म्हणून मधला क्षेपक आडवा करतात, आणि त्यात मंद्र स्वरांचे दोन शंकू शेजारी शेजारी बसवितात. त्यांचे केंद्रांतर ३० सेंटिमीटर असेल तर ३० अंश बाजूला बसलेल्या श्रोत्याला त्यांच्या मार्गांत १५ सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि सुमारे १,१४० हर्ट्झवर ते एकमेकांना खोडून काढतात. द्विमार्गी श्रवणात मधला क्षेपक बंद असल्याने हा दोष आड येत नाही. पण डाव्या-उजव्या जागी अशीच पेटी आडवी ठेवली तर तो अवश्य येतो. तसेच मागच्या बाजूचे काही क्षेपक ध्वनी मुद्दाम विखुरण्यासाठी दोन विरुद्ध दिशांना उघडे असतात. ते समोर आणून द्विमार्गी संगीतासाठी वापरणे सर्वस्वी अयोग्य होय.

७. खोलीचा वाटा

सुमारे २०० हर्ट्झच्या खाली क्षेपकापेक्षा खोलीच अधिक बोलते. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद व ३ मीटर उंच अशा खोलीचे मूळ अनुनाद अनुक्रमे सुमारे ३४, ४३ व ५७ हर्ट्झवर असतात. लांबीच्या दिशेचा दुसरा अनुनाद सुमारे ६९ हर्ट्झवर येतो, आणि वरील उदाहरणातील तंबोऱ्याची खर्जाची तारही तेथेच आहे. या अनुनादाचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींशी व खोलीच्या मध्यभागी सर्वाधिक, आणि भिंतीपासून सव्वा मीटरवर जवळजवळ शून्य असतो. म्हणजे मागील भिंतीपासून सव्वा मीटरवर बसलेल्या श्रोत्याला खर्जाच्या तारेचा मूलस्वर क्षीण लागेल, आणि भिंतीला टेकून बसलेल्याला तोच स्वर घोंघावताना ऐकू येईल. दोघेही एकच ध्वनिमुद्रण आणि एकच क्षेपक ऐकत असतील.

या बाबतीत होम थिएटरची रचना संगीताला उपकारक ठरू शकते. डावा व उजवा क्षेपक त्रिकोणाच्या शिस्तीने बांधलेले असतात. खर्जाच्या सोयीसाठी त्यांना हवे तेथे सरकविता येत नाही. स्वतंत्र सबवूफर मात्र जेथून खर्ज सर्वांत समतोल येतो तेथे ठेवता येतो. दोन सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवल्यास काही अनुनाद परस्परांना मारून टाकतात, आणि निरनिराळ्या आसनांवरील तफावत कमी होते. दोन मोठ्या क्षेपकांच्या परंपरागत संचाला ही सोय नाही.

८. उपयोगातील पथ्ये

वरील विवेचनातून काही व्यावहारिक नियम निघतात. दूरचित्रवाणीच्या दोन्ही कडांना चिकटवून क्षेपक ठेवले तर त्यांतील अंतर दीड मीटरच भरते, आणि तीन मीटरवरील श्रोत्याला ६० ऐवजी सुमारे २८ अंशांचाच कोन मिळतो. गायक व साथीदार एकाच जागी दाटीवाटीने बसल्यासारखे वाटतात. अंतर तीन मीटरपर्यंत वाढविणे, किंवा आसन पुढे घेणे, हा उपाय बिनखर्चाचा आहे. क्षेपक छताजवळ टांगण्याची रीत सोडून त्यांचे उच्च स्वरांचे तोंड बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर आणावे. द्विमार्गी मुद्रण ऐकताना रिसीव्हर 'स्टिरिओ' स्थितीत ठेवावा. सभोवार ध्वनी पसरविणाऱ्या कृत्रिम योजना बंद कराव्यात. पुष्कळ रिसीव्हरांत 'डायरेक्ट' ही स्थिती निवडताच सबवूफरकडे जाणारा खर्जही बंद होतो. मोठ्या क्षेपकांना ती चालते, लहानांना नाही. चित्रपटातील धरणीकंपासाठी वाढविलेली सबवूफरची पातळी संगीतासाठी खाली आणावी. तंबोऱ्याची खर्जाची तार इतर तारांहून वेगळी उठून ऐकू येत असेल तर ती अद्याप अधिकच आहे असे समजावे.

स्टिरिओपूर्व मुद्रणांचा विचार निराळा आहे. अब्दुल करीम खाँ यांचे निधन १९३७ साली झाले; त्यांची व त्यांच्या समकालीनांची ध्वनिमुद्रणे एकमार्गी आहेत. ती दोन क्षेपकांतून वाजविली की मध्यभागीचा आभास आणि त्याबरोबर २,००० हर्ट्झचा खळगा विनाकारण पदरी पडतो. एकाच चांगल्या क्षेपकातून ती अधिक स्पष्ट ऐकू येतात. होम थिएटरचा मधला क्षेपक डाव्या-उजव्यांच्या तोडीचा असेल, तर या मुद्रणांसाठी तो द्विमार्गी संचापेक्षाही सरस साधन आहे. संगीताच्या अभ्यासकाला ही गोष्ट विशेष उपयोगाची ठरावी.

९. निष्कर्ष

तात्पर्य, होम थिएटरचे क्षेपक गंभीर संगीतश्रवणास योग्य आहेत की नाहीत, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. योग्यता नावावर नव्हे, तर चार गोष्टींवर अवलंबून आहे. डावा व उजवा क्षेपक १०० हर्ट्झच्या खालपर्यंत स्वबळावर जाऊ शकतात काय? त्यांचा ध्वनी समोर व बाजूंना समतोल आहे काय? ते ६० अंशांच्या त्रिकोणात व कानाच्या उंचीवर मांडले आहेत काय? सबवूफरचे विभाजन ८० हर्ट्झच्या आसपास, आणि त्याची पातळी मर्यादेत आहे काय? चारही उत्तरे होकारार्थी असतील तर तो संच द्विमार्गी संगीतासाठी रचलेल्या संचाहून तत्त्वतः कोणत्याही बाबतीत उणा नाही. खर्जाची मांडणी व एकमार्गी मुद्रणे या दोन बाबतींत तर तो वरचढ ठरू शकतो. पहिलेच उत्तर नकारार्थी असेल, तर उरलेल्या तीन उत्तरांनी ती उणीव भरून निघत नाही. अशा वेळी त्याच खर्चात पाच लहान क्षेपकांऐवजी दोन चांगले क्षेपक घेणे, आणि मधला, मागचे व सबवूफर यथावकाश जोडीत जाणे, हा मार्ग अधिक शहाणपणाचा होय. कारण चित्रपटाला मागचे क्षेपक नसले तरी कथा कळते, पण गायकाचा षड्ज दुभंगला तर ऐकण्यासारखे फारसे उरत नाही.